बारा फोटोंचा हिशेब

ठाण्यातल्या वर्तकनगरच्या म्हाडा वसाहतीतल्या इमारती पुनर्विकासाला जाऊ लागल्या आणि माळे रिकामे होऊ लागले. पितळी डबे, तांब्याचा बंब, दिवाळी अंकांचे गठ्ठे यांच्यामागून चामडी पिशवीतला एखादा कॅमेराही खाली उतरतो. पोखरण रोडवरच्या रेमंड, कॅडबरीसारख्या कारखान्यांच्या भरभराटीच्या काळात कुणीतरी हौसेने घेतलेला. बहुतेक वेळा तो आगफा क्लिक थ्री निघतो, क्वचित याशिका, एखाद्या नशीबवान घरात रोलायफ्लेक्स. नातू उत्साहाने रोल मागवतो, भरतो आणि थोड्याच दिवसांत तक्रार घेऊन येतो. नॉब फिरतो पण आकडा दिसत नाही. क्रँक पाचव्या फोटोला अडकली. किंवा सगळं सुरळीत झालं, पण रोल धुऊन आला तेव्हा आत्याच्या डोक्यावर उपवन तलाव चढलेला.

यावर सल्ले पुष्कळ मिळतात आणि बरेचसे स्क्रूड्रायव्हरपासून सुरू होतात. मला ते पटत नाही. जुन्या मिडियम फॉरमॅट कॅमेऱ्यांच्या वाइंडिंगच्या तक्रारींत यंत्र खरोखर मोडलेलं असण्याचे प्रसंग थोडे. जास्त तक्रारींचं मूळ फिल्मच्या वाटेत, रिळात किंवा भरण्याच्या पद्धतीत सापडतं. आणि ते शोधायचं तर आधी एका प्रश्नाचं उत्तर हवं: या कॅमेऱ्यात फोटो मोजतं कोण?

३५ मिलिमीटरच्या फिल्मला दोन्ही कडांना भोकं असतात. दात्यांच्या चाकाने आठ भोकं पुढे ढकलली की एक फोटो झाला, त्यात चुकायला फारशी जागा नाही. मिडियम फॉरमॅटच्या १२० च्या रोलला भोकंच नाहीत. कोडॅकने १९०१ साली ब्राउनी नंबर टू या साध्या खोक्यासाठी तो काढला तेव्हाची रचना आजही तशीच आहे: सहा सेंटिमीटरच्या आसपास रुंद, ८० सेंटिमीटरहून थोडी लांब फिल्म, तिच्या पाठीला तिच्याहून बराच लांब कागद आणि सगळं एका रिळावर गुंडाळलेलं. फिल्म कागदाला चिकटवलेली असते ती फक्त सुरुवातीच्या टोकाला. शेवटचं टोक मोकळंच. रोल एका रिळावरून सुटतो, दुसऱ्यावर बसतो, आणि रिकामं झालेलं पहिलं रीळ पुढच्या खेपेला दुसऱ्या बाजूला लावायचं. रिवाइंड नावाची गोष्ट इथे नाही. ३५ मिलिमीटरवर हात बसलेली मंडळी बारा फोटो संपल्यावर रिवाइंडची कळ शोधत बसतात, पाठ उघडतात आणि रोल जाळतात. तक्रार ‘कॅमेऱ्यात लाइट लीक आहे’ अशी येते.

म्हणजे किती फिल्म सरकली हे ठरवण्याचं काम भोकांऐवजी दुसऱ्या कुणावर तरी सोपवावं लागतं. गेल्या शतकात यावर तीन उत्तरं निघाली: माणसाचा डोळा, दात्यांचा हिशेब आणि फिल्मवर टेकलेला रूळ. दुखणीही त्याच हिशेबाने वेगवेगळी आहेत.

डोळ्याने मोजणारे म्हणजे लाल खिडकीचे कॅमेरे. आपल्याकडे सर्वांत जास्त दिसणारा क्लिक थ्री याच जातीचा. तो बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवला. परदेशी मालावरच्या निर्बंधांच्या काळात मध्यमवर्गीय घरात कॅमेरा म्हणजे हाच, आणि पुढे उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल आला तेव्हा खोकं आणि खाद्य दोन्ही देशी झालं. पाठीच्या कागदावर आकड्यांच्या तीन ओळी छापलेल्या असतात: एक सोळा फोटोंची, एक बारांची, एक आठांची. खिडकी ज्या ओळीसमोर असेल तेवढे फोटो. ल्युबिटेल टू, झाइसचे इकोन्टा, फोग्टलेंडरचे बेसा यांचंही तेच.

या कॅमेऱ्यांत मोडण्यासारखं जवळपास काही नाही, म्हणून मला ते आवडतात. नॉब फिरतो आणि आकडा येत नाही, तेव्हा बहुधा कागदाचं टोक रिळाच्या खाचेतून निसटलेलं असतं. टोक खाचेत नीट सरळ घालून, दोनतीन वेढे बोटाने घट्ट बसवून, कागद दोन्ही कडांना समांतर आहे ना हे बघूनच पाठ बंद करावी. तिरका बसलेला कागद पुढे पुढे एका कडेला चढतो, रिळाच्या चकतीवर घासतो आणि सातव्या-आठव्या फोटोपर्यंत नॉब जड होतो. लोक याला ‘जाम’ म्हणतात आणि जोर लावतात. कागद फाटतो.

दुसरी गोष्ट आकड्यांची. पूर्वीच्या फिल्मला लाल उजेड दिसत नसे म्हणून खिडकी लाल ठेवली. आजच्या फिल्मला लाल रंग चांगला दिसतो, त्यामुळे फिरवण्याचा वेळ सोडून खिडकीवर काळी टेप हवी. हल्लीच्या काही रोलवर आकडे इतके फिकट छापतात की जुन्या, काळवंडलेल्या लाल काचेतून ते दिसतच नाहीत. माणूस फिरवत राहतो, दोन फोटो वाया जातात आणि दोष नॉबवर येतो. फिकट छपाईमागे कारण आहे: काही वर्षांपूर्वी कोडॅकच्या १२० रोलवर कागदावरचे आकडे फिल्मवर उमटल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या होत्या. उष्ण आणि दमट हवेत हे जास्त होतं, म्हणजे ठाण्यातला जुलै त्यासाठी आदर्श. सावलीत उभं राहून, कॅमेरा थोडा तिरका धरून, आकडा येण्याआधीच्या ठिपक्यांपासून हळू फिरवणं हाच उपाय. टॉर्च मारू नये.

फोटोवर फोटो येण्याचं कारण या जातीत अगदी साधं आहे. शटर आणि नॉब यांची एकमेकांशी ओळख नसते, त्यामुळे न फिरवता पुन्हा खटका दाबला तर कॅमेरा अडवत नाही. मग फिरवायचं कधी, फोटो काढल्यावर लगेच की पुढच्या फोटोच्या आधी? यावर जुन्या मंडळींत दोन तट आहेत आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. क्लिक थ्रीसारख्या खोक्यात लगेच फिरवावं, विसरायची सोयच नको. घडीच्या, भाता असलेल्या कॅमेऱ्यात मात्र आधी भाता उघडावा आणि मग फिरवावं. भाता झटक्यात उघडताना आतली हवा ओढली जाते, सैल फिल्म जागेवरून पुढे फुगते आणि फोटोचा मधला भाग मऊ येतो. पुढे सरकवल्याने ती पुन्हा ताणली जाते.

काही जुन्या इकोन्टांना पाठीला दोन लाल खिडक्या असतात आणि नव्या मालकाला वाटतं एक जादाची आहे. ती जादाची नाही. सोळा फोटोंची ओळ कागदावर येण्याआधी आठांच्याच आकड्यांवर सोळा काढावे लागत. एक आकडा आधी पहिल्या खिडकीत आणायचा, फोटो काढायचा, तोच आकडा दुसऱ्या खिडकीत आणायचा, पुन्हा फोटो. एकच खिडकी वापरली तर आठच फोटो मिळतात आणि मधे कोरी फिल्म. असा रोल पाहून ‘वाइंडिंग दुप्पट पळतंय’ असं निदान झालेलं मी ऐकलं आहे.

कोडॅकच्या घडीच्या कॅमेऱ्यांत ६२० ची भानगड आहे. १९३२ साली कोडॅकने तीच फिल्म, तोच कागद, पण बारीक दांड्याच्या आणि लहान चकतीच्या रिळावर आणला. १९९५ मध्ये तो बंद झाला. १२० चं रीळ त्या कॅमेऱ्यात दाबून बसवलं तर फिरताना घासतं, अडतं. चकतीची कड नेलकटरने किंवा कानशीने घासून बसवण्याचा उद्योग बरेच जण करतात. मला तो पसंत नाही: कड वेडीवाकडी राहते, प्लॅस्टिकचा भुगा आत पडतो. खरा उपाय म्हणजे अंधारात १२० चा रोल ६२० च्या रिळावर गुंडाळून घेणं. एकदा गुंडाळल्यावर टोक उलटं होतं, म्हणून परत दुसऱ्या रिळावर फिरवावं लागतं. गुंडाळताना फिल्म चिकटवलेल्या जागी फुगवटा येतो. तिथली पट्टी अलगद सोडवून, फिल्म सपाट बसवून पुन्हा चिकटवली की झालं. आधी फुकट गेलेल्या रोलवर उजेडात हात बसवावा.

आता दुसरी जात, दात्यांची. इथे कॅमेरा रीळ किती फिरलं ते मोजतो आणि फिल्म किती सरकली असेल याचा अंदाज बांधतो. अडचण संक्रांतीच्या फिरकीसारखी आहे: मांजा चढत जातो तसा एकेक वेढा जास्त मांजा खातो. रिकाम्या रिळाचा दांडा साधारण १२ मिलिमीटर जाडीचा, त्यावर एक वेढा म्हणजे पावणेचार सेंटिमीटर. रोल संपत येतो तेव्हा जाडी २० मिलिमीटरच्या वर गेलेली असते आणि एक वेढा सहा सेंटिमीटरहून जास्त ओढतो. म्हणून कारागिरांनी चाकावरच्या खाचा पहिल्या फोटोसाठी दूर आणि बाराव्यासाठी जवळ अशा पाडल्या. हे सगळं गणित त्या काळच्या फिल्म-कागदाच्या जाडीवर बेतलेलं आहे. आजची एखादी फिल्म त्याहून पातळ असली तर रीळ अपेक्षेइतकं जाड होत नाही, प्रत्येक वेढ्याला फिल्म कमी सरकते आणि फोटोंमधली फट आक्रसत जाते. उलट, रोल सैल गुंडाळला गेला तर रीळ लवकर जाड होतं, फटी रुंदावतात आणि बारावा फोटो फिल्मच्या टोकावरून खाली पडतो. दोन्ही वेळा दाते शाबूत असतात! मिस्त्रीकडे नेण्याआधी रोलचा ब्रँड बदलून पाहिला तर पैसे वाचतात.

मोजणी कुठून सुरू करायची हा वेगळा प्रश्न. याशिका-मॅट, सीगल, मामिया सी थ्री थर्टी यांत कागदावरचा आडवा बाण कॅमेऱ्यातल्या खुणांशी जुळवून पाठ बंद करायची आणि क्रँक अडेपर्यंत फिरवायची. बाण जुळवला नाही तर पहिला फोटो चिकटपट्टीवर येतो किंवा शेवटचा जातो. याशिका-मॅट १२४ आणि १२४जी यांच्या पाठीच्या दाबपट्टीला १२ आणि २४ अशा दोन जागा आहेत. २४ ची जागा २२० च्या रोलसाठी. १९६५ ला आलेल्या त्या रोलला मधल्या भागात कागद नसे, म्हणून त्यात दुप्पट फोटो बसत. २२० आता दुकानात सहसा मिळत नाही, पण माळ्यावरच्या कॅमेऱ्याची पट्टी शेवटच्या मालकाने २४ वर ठेवलेली असू शकते. मग बारानंतरही कॅमेरा थांबत नाही आणि कागदासकट फिल्मला जागा अपुरी पडून क्रँक जड लागते. जुना याशिका हातात आला की मी पहिल्यांदा ही पट्टी पाहतो.

रोलायफ्लेक्सने बाणाची कटकटही काढून टाकली. १९३७ च्या ऑटोमॅटपासून तो फिल्मची जाडी चाचपतो. तळाशी दोन बारीक रूळ आहेत, कागद त्यांच्या मधून न्यायचा. नुसता कागद जातो तोवर काही होत नाही. चिकटपट्टी आणि फिल्म आली की जाडी वाढते, रूळ किंचित दूर होतात आणि मोजणी एकपासून सुरू होते. रचना सुंदर, पण न सांगता समजणारी नाही. कागद रुळांच्या मधून न नेता वरून नेला की कॅमेऱ्याला फिल्म आल्याचं कळतच नाही. क्रँक फिरत राहते आणि अख्खा रोल एकही फोटो न घेता पलीकडे जातो. ‘रोलायफ्लेक्सचं वाइंडिंग थांबत नाही’ या तक्रारीचं हे पहिलं कारण आणि त्याला खर्च शून्य. होमाई व्यारावाला यांच्यासारख्या वृत्तछायाचित्रकाराने धावपळीत हाच कॅमेरा वापरला, तेव्हा हात बसला की तो दगा देत नाही हेही खरं. यात क्रँक पुढे फिरवली की फिल्म सरकते आणि मागे पूर्ण आणली की शटर चढतं. मागची फेरी अर्धवट सोडली तर खटका दबत नाही, आणि पुन्हा ‘जाम’.

तिसरी जात रुळाची. पूर्व जर्मनीच्या ड्रेस्डेनचा पेंटाकॉन सिक्स यात सर्वांत बदनाम. फोटोंची एकमेकांवर चढाई हा त्याचा जुना लौकिक. फिल्मचा कागद एका रुळावरून जातो आणि रूळ किती फिरला त्यावर लिव्हर थांबते. कागद रुळावर घसरला की मोजमाप चुकलं. त्यामुळे भरताना कागद दोन्ही बाजूंनी ताणून धरावा, लिव्हर एकाच पूर्ण फेरीत ओढावी आणि परत येताना अंगठ्याने धरून हळू सोडावी. सटकन सोडलेली लिव्हर हा या कॅमेऱ्याचा खरा शत्रू. एवढं पाळून ज्यांचे पेंटाकॉन सरळ झाले असे लोक आहेत. न झालेलेही आहेत, आणि तिथे मात्र मिस्त्रीला पर्याय नाही.

हॅसलब्लाडविषयी थोडक्यात, कारण तो माळ्यावर सापडत नाही. त्याचं अडकणं बहुतेक वेळा फिल्मशी संबंधितच नसतं. बॉडी आणि लेन्स दोन्ही चढवलेल्या अवस्थेत जोडायच्या असतात. एक चढलेली आणि एक उतरलेली असली की सगळं घट्ट अडकतं. मॅगझिनची, म्हणजे फिल्मच्या सुट्या डब्याची, उजेड अडवणारी पट्टी आत राहिली तरी खटका दबत नाही, आणि ही पट्टी विसरणारे व्यावसायिकही कमी नाहीत. बाण त्रिकोणाशी जुळवून, कागद पकडीखाली घालूनही दोन फोटोंतलं अंतर कमीजास्त येत असेल तर मॅगझिन सर्व्हिसिंगला द्यावं, घरी उघडू नये.

रोल मधेच अडकला तर काय करायचं? जोर लावायचा नाही. सर्वांत आधी शटर उडालंय का ते पाहावं, कारण बऱ्याच कॅमेऱ्यांत फोटो न काढता पुढे जाताच येत नाही. सेल्फ-टायमरची कळ अर्ध्यावर थांबली आहे का ते पाहावं. तरीही हलेना तर रात्री, खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये दिवे बंद करून, जाड गोधडीखाली पाठ उघडावी. चेंजिंग बॅग असेल तर उत्तम. बोटाने दोन्ही रिळं चाचपली की बहुतेक वेळा कागदाची दुमडलेली कड हाताला लागते. घेतलेले फोटो वाचवायचे असतील तर फिल्म हातानेच पुढच्या रिळावर घट्ट गुंडाळून काढावी. माळ्यावरच जुना रोल सापडला आणि तोच भरला असेल, तर दमट हवेत फिल्मचा थर कागदाला चिकटलेला असू शकतो. तो रोल कुठल्याच कॅमेऱ्यात सरकणार नाही.

रोल बाहेर काढल्यावर कडांना उजेड लागलेला दिसतो ती तक्रारही वाइंडिंगचीच. देणाऱ्या रिळाखालची पातळ स्प्रिंग ढिली पडली की रीळ मोकळं फिरतं, कागद सैल बसतो आणि घेणारं रीळ फुगतं. त्याच्या कडांतून उजेड आत शिरतो. पोस्टकार्डाच्या जाडीचा पुठ्ठा दुमडून रिळाखाली ठेवला की पुरेसा अटकाव येतो. चिनी होल्गावाले हे वर्षानुवर्षं करत आले आहेत आणि क्लिक थ्रीलाही ते लागू पडतं.

तेलाबद्दल माझं मत कडक आहे. नॉब जड झाला की घरात शिलाई मशीनचं तेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे हाताशी असतो आणि मोह होतो. तेल पसरतं, शटरच्या पात्यांवर जातं आणि कोरडी चालायला हवीत ती पाती एकमेकांना चिकटतात. जुनं ग्रीस खरोखर सुकून घट्ट झालेलं असतं, पण ते काढून, धुऊन, अगदी कणभर नवं लावावं लागतं. ते काम ज्याने आधी केलंय त्यानेच करावं.

निदानाचं सर्वांत चांगलं हत्यार म्हणजे फुकट गेलेला एक रोल. लेन्समधून न बघता पाठीकडूनच काम करायचं. पाठ उघडी ठेवून कॅमेरा चालत असेल तर प्रत्येक फोटोला कागदावर चौकटीच्या वरच्या आणि खालच्या कडेशी पेन्सिलने खूण करायची. बारा झाले की कागद जमिनीवर उलगडायचा आणि पट्टीने अंतरं मोजायची. फटी सगळीकडे सारख्याच पण अरुंद असतील तर सुरुवात चुकलेली. हळूहळू आक्रसत गेल्या असतील तर फिल्म पातळ. हळूहळू रुंदावत गेल्या असतील तर रोल सैल बसतोय. मधेच एक फोटो चढलेला, पुढचा दूर गेलेला, असं बेशिस्त असेल तर काहीतरी घसरतंय: रूळ, रिळाची पकड किंवा झिजलेला दाता. आणि दर खेपेला त्याच आकड्यावर चूक होत असेल तर त्या खाचेत खरंच दोष आहे. मिस्त्रीला हा कागद दाखवला तर तो अर्धं काम आधीच झालं म्हणेल.

मिस्त्री अजून आहेत. फोर्टमधल्या बोरा बाजार रस्त्यावर आणि आसपासच्या गल्ल्यांत कॅमेऱ्याची दुरुस्ती करणारे थोडे जुने हात उरले आहेत. सुटे भाग नवे मिळत नाहीत. ते दुसऱ्या मेलेल्या कॅमेऱ्यातून निघतात, आणि तो कॅमेरा बरेचदा चोर बाजारातून आलेला असतो. म्हणून क्लिक थ्रीसाठी दुरुस्तीचा खर्च करण्यापेक्षा दुसरा क्लिक थ्री घेणं स्वस्त पडतं, याशिकासाठी ते सांगणं अवघड आहे आणि रोलायफ्लेक्ससाठी दुरुस्ती जवळपास नेहमीच परवडते.

आज रंगीत १२० च्या एका रोलला हजाराच्या वर मोजावे लागतात, म्हणजे धुलाई धरली की बारातला एकेक फोटो शंभरीच्या पलीकडे जातो. तेव्हा संशयित कॅमेऱ्यातला रोल धुवायला देताना लॅबवाल्याला पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहून द्यावं: निगेटिव्ह कापू नका. फटी सारख्या नसतील तर तीन-तीनच्या पट्ट्या पाडताना एखादा चांगला फोटो मधोमध कापला जातो, आणि दोष कुठे होता हे दाखवणारी ती एकसंध पट्टीही हातची जाते.